पेला सांधणारं तेल

जे सगळ्यांना दिसलं:

दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर तेलाने भरलेली काचेची मोठी बरणी. तेलमहाराजांनी काचेचा एक उंच पेला फडक्यात गुंडाळला, हातोडीचा ठोका घातला आणि तुकडे बरणीत ओतले. तुकडे बुडाले आणि नाहीसे झाले. महाराजांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बाही सारली, हात तेलात घातला आणि अखंड पेला वर काढला.

“तुटलेलं इथे विरघळतं आणि सांधलं जातं,” महाराज म्हणाले. “हाड असो, संसार असो, डोळा असो. बाटली घरी न्या, रोज दोन थेंब घाला.”

पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी तो तेलकट पेला चाचपून पाहिला. कुठे चरासुद्धा नाही. एक डोळा त्यांनी आज-उद्या करण्यात घालवला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू उद्या सकाळी काढायचा होता.

“दवाखान्यात कळव,” त्या सुनेला म्हणाल्या. “मी येत नाही म्हणावं.”

“अहो आई, आता थांबलात तर हाही डोळा—”

“डॉक्टर कापतात. हे सांधतात. तूच सांग, काय बरं?”

सुनेने पिशवीतून फोन काढला. पेला तिनेही पाहिला होता. हातही जोडले होते.

जे फक्त सुनेला दिसलं:

सासूबाई गिऱ्हाईक म्हणून पक्क्या होत्या. त्यांनी नाकावरचा तडकलेला चष्मा काढला. “डोळ्याआधी हा सांधून दाखवा.”

“चष्मा नको, माई. तो बाजारातला.”

“मग पेला काय आभाळातून पडला होता?” असं म्हणत त्यांनी चष्मा बरणीत सोडलादेखील.

चष्मा तळाशी जाऊन बसला. दांड्यांसकट, काचांसकट, तड्यासकट, लख्ख दिसत.

“श्रद्धा कमी पडली,” महाराज म्हणाले.

“सकाळपासून या लोखंडी खुर्चीवर बसलेय. आणखी किती हवी?”

सून मात्र चष्म्याकडेच बघत राहिली. ती भिंगांच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर दोन-दोन भिंगं एकमेकांना चिकटवायची. चिकटवणारा द्रव भलताच निवडला, तर जोड नजरेत भरायचा. बरोबर निवडला, की जोड दिसेनासा व्हायचा. असायचा तिथेच, फक्त दिसायचा नाही. रोज जे स्वतःच्या हातांनी करत होती, त्यालाच ती इथे चमत्कार समजून बसली होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

जे कुणालाच दिसलं नाही:

“आई, हात घाला आत. तळाशी नको, काचा टोचतील. वरवरच चाचपा.”

“तेल बाटेल,” महाराज घाईने म्हणाले.

“तुमच्या हाताने नाही ते बाटलं?” म्हणत सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घातला.

डोळे धड असलेल्यांना बरणीत चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. सासूबाईंना बरणीच धड दिसत नव्हती. त्या बोटांनी बघत होत्या. बोटं थबकली. त्यांनी एक अखंड पेला वर काढला. मग दुसरा. मग तिसरा.

“अगं, इथे तर भांड्यांचं दुकानच आहे.”

हॉल हसला. महाराजांनी बाही खाली ओढली.

मग सुनेने सगळ्यांना समजावलं. उजेड एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वाकतो, थोडा माघारी फिरतो. म्हणून तर पारदर्शक काचही आपल्याला दिसते. कोणता पदार्थ उजेडाला किती वाकवतो ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पेल्याची काच खास निवडलेली. तिचा आणि तेलाचा आकडा जवळजवळ सारखा. उजेड वाकत नाही, फिरत नाही, सरळ निघून जातो. म्हणून तुकडेही दिसत नाहीत आणि आधीपासून लपवलेले पेलेही. चष्म्याच्या काचेचा आकडा वेगळा, म्हणून महाराज चष्म्याला घाबरले.

“म्हणजे फुटलेलं फुटलेलंच राहिलं?” सासूबाईंनी विचारलं.

“तळाशी पडलंय. नुसतं झाकलंय.”

“आणि डॉक्टर काय करतात?”

“तुमच्या डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढतात, स्वच्छ बसवतात.”

सासूबाईंनी महाराजांच्याच फडक्याला हात पुसायला घेतले, आत काचेचा कण नाही ना हे आधी झटकून बघत. “कळवलं नाहीस ना अजून दवाखान्यात? नको कळवूस. झाकून ठेवण्यात एक डोळा गेलाय माझा.”

तेव्हा मंडळी, कुणी काही गायब करून दाखवलं, तर नमस्काराची घाई करू नका. आधी बरणीत हात घालायला मागा. घालू दिला नाही, तर तेच उत्तर समजा.