पाहुण्यांपुढे पळणारी पेटी

“माझी नात तुम्ही मारलीत, साहेब,” सिस्टर म्हणाली आणि खुर्ची ओढून पेटीच्या भिंतीतल्या प्लगला पाठ लावून बसली.

आरोग्य संचालक दारातच थबकले. ऊबपेटी पुढच्या गावी न्यायला खाली टेम्पो थांबला होता. पेटी रिकामी ठेवायची, असा त्यांचा हुकूम होता, आणि तिच्यात ओंजळभर बाळ झोपलं होतं.

राज्य बदललं तेव्हा सिस्टरनेही उन्हात उभं राहून मत दिलं होतं. नव्या सरकारवर भरवसा ठेवून परदेशाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊबपेट्या द्यायला पैसा ओतला. आली एकच. बाकीच्या कोणाच्या बंगल्याच्या पायात गेल्या, हे उघड गुपित होतं. परदेशी पाहुणे पाहणीला निघाले की ते भाषणांत अडकायचे, तोवर तीच पेटी आडवाटेने पुढच्या दवाखान्यात हजर. वॉर्डात तिला जावईबापू म्हणत. मिरवायला पुढे, कामाला शून्य.

गेल्या थंडीत जावईबापू असेच दौऱ्यावर होते आणि सिस्टरच्या लेकीला सातव्या महिन्यातच कळा आल्या. टॉवेलात गुंडाळलेली नात आजीच्या छातीशीच गार पडली.

संचालक आधी गोड बोलले. तासाभराचा तर प्रश्न, बढतीचं बघतो. मग नोकरी घालवायच्या धमकीवर आले. सिस्टर काचेआडचा इवलासा मोजा बघत राहिली.

“तेव्हाही तासाभराचाच होता,” एवढंच म्हणाली.

पुढच्या गावी पाहुण्यांना रिकामी खोली दिसली. दुपारी त्यांच्या गाड्या मागे फिरून ह्याच दवाखान्यात आल्या. सिस्टरने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. संचालकांचा चेहरा उतरताना तिने पाहिला. डोळे भरून पाहिला.

पाहुण्यांची प्रमुख असलेल्या परदेशी बाईने काचेवर हात ठेवला. मग दुभाष्याशी हळू बोलली.

“बाई म्हणतात, तुम्ही मोठं धाडस केलंत,” दुभाष्या म्हणाला. “पण चौकशी होईपर्यंत सगळी मदत बंद. आणि ही पेटी सील करून आजच न्यावी लागेल. पुरावा आहे.”

संचालकांनी लगेच मान डोलावली. नियम तो नियम, म्हणाले. चेहऱ्यावर रंग परत येत होता.

सिस्टर उठली.

“न्या की. फक्त दोघांनी मिळून सांगा, ह्या बाळाला कुठे ठेवू?”

दुभाष्या दाराकडे वळला.

“अहो, निघालात कुठे? विचारा त्यांना. साहेब, तुम्हीही बोला. मला आत्ता उत्तर पाहिजे.”