फाडायसाठी विणलेल्या साड्या

पिच्चरात माझं काम मी करत न्हाय, तेजस्वी करतीया. ती हुबळीची. माझ्यासारखीच, म्हणजे पोरगा म्हणून जन्मली आणि मग स्वतःला ओळखून बाई झाली. माझ्यापेक्षा उंच आणि देखणी. मी रचनाबाईंना पहिल्या दिवशीच म्हटलं, "बरं केलासा, निदान पडद्यावर तरी मी चांगली दिसंन." रचनाबाई म्हणजे डायरेक्टर, पुण्याच्या. वयानं ल्हान हाईत, पर समोरच्याचं पुरं ऐकून घेतात. असली माणसं मला आजवर लई भेटली न्हाईत.

गोष्ट माझी हाय, स्वरूपाची. चार सालामागं निपाणी रस्त्यावरच्या एका आठवडी बाजारात मी वांगी निवडत हुते. चार टोळभैरव आलं. "बाई हाय का बाप्या, बघूया की," म्हणालं आणि माझा पदर धरून ओढला. साडी चरचर फाटली. मी परकर घट्ट धरून खाली बसले, मग लाथा बसल्या. बाजार भरलेला हुता, एक माणूस जागचा हलला न्हाय. उलट एकानं मोबाईलवर सगळं घेतलं आणि तो व्हिडिओ पार गोव्यापर्यंत फिरला. केस कोर्टात हाय, तारखा पडत्यात. बरगडी जुळून आली, पर व्हिडिओचं दुखणं जाईना. बसमध्ये कुणी माझ्याकडं दोनदा बघितलं की वाटतं, बघितलाय मेल्यानं.

रचनाबाई म्हणाल्या, "ताई, लोकांकडे तुमचं एकच चित्र आहे, आणि तेही त्या गुंडांनी काढलेलं. आपण दुसरं काढू." ह्या एका बोलण्यावर मी हो म्हटलं. आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले तवा ध्यानात आलं. अगं बाई, खरं दाखवायचं म्हटल्यावर दुसऱ्या चित्रात बी साडी फाटणारच की! तवा फुकट बघितलं, आता तिकीट काढून बघतील. हे मी कुणाला बोलले न्हाय. स्वतःच हो म्हटल्यावर रडगाणं कुणाला ऐकवायचं?

मग त्यांनी इचारलं, त्या दिवशी साडी कसली हुती? म्हटलं, शहापुरी, जांभळी, पिवळ्या काठाची. कुठं मिळंल? तिथं माझी जीभ घसरली. "वडगावात, भरमाच्या मागावर," म्हणून गेले.

भरमा माझा धाकटा भाऊ. बेळगावच्या वडगावात आमचं विणकराचं घर. मी साडी नेसायला लागले तवा बानं दार लावलं. आई चोरून भेटायची, आणि भरमानं विणलेली ती जांभळी तिनंच मला दिली. भरमा बी चोरून फोन करायचा. पर बाजारात ते झालं आणि त्याचा फोन बंद. दवाखान्यात आला न्हाय. आई गेली तवा निरोप दुसऱ्याच्या तोंडून कळला. मी मनात म्हटलं, व्हिडिओ बघितला असंल, लाज वाटली असंल. सख्खा भाऊ झाला म्हणून काय झालं?

पिच्चरवाली माणसं खरंच वडगावला गेली. शॉट चुकला की परत घ्यावा लागतो, आणि दर बारीला नवी साडी पाहिजे, म्हणून पाच साड्या सांगितल्या. वर सांगितलं की वीण विरळ ठेवा, एका ओढीत फाटली पाहिजे. कशाला पाहिजेत ते बी सांगितलं, कुणाची गोष्ट ते बी. आणि भरमा हो म्हणाला!

हे मला कळलं तशी मी पेटलेच. "हलकट! माझी अब्रू फाडायला साडी इणतोय! बहिणीला बघायला आला न्हाय, आणि ऑर्डर मात्र घेतली!" दोन दिवस मी जो भेटंल त्याला बोलत हुते. माझ्या खानावळीत गिऱ्हाईकानं भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं, तर त्याला बी भरमाचीच शिवी बसली.

शूटिंग सदलग्याला लावलं. मैदानात खोटा बाजार मांडलेला, खरी वांगी, खऱ्या मिरच्या. रचनाबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही नाही आलात तरी चालेल." मी म्हटलं, येणार. माझ्या मागं काय करतील, ते घरी बसून मनात बघण्यापरीस समोर बघितलेलं बरं. तेजस्वी जांभळी साडी नेसून आली. माझा हात दाबून म्हणाली, "एनू आगल्ला, अक्का." काय होत न्हाय म्हणं. 

रचनाबाई 'ॲक्शन' म्हणून ओरडल्या. चौघं नट आलं, तेच बोलले, आणि दोघांनी पदर धरून जोरात ओढला.

साडी फाटली न्हाय.

परत ओढली. तेजस्वीनं बी निऱ्या मुठीत धरल्या आणि पाय रोवले. आता चौघं मिळून पदराला लागले, गावजत्रेत दोर ओढतात तसं. त्यातल्या जाड्याचा पाय मिरच्यांवर सरकला, तो मागच्याला घेऊन वांग्यांच्या पाटीत बसला, आणि पदर हातातनं सुटला. सगळं मैदान हसलं. मी बी हसले. त्या दिवसाची आठवण निघालीया आणि मी हसतीया, असं कवाच झालं न्हवतं. दुसरी साडी आणली, ती बी तशीच. तिसरी तर हातानं ताणून बघितली, ढिम्म.

रचनाबाईंनी तिथंच भरमाला फोन लावला, स्पीकरवर. "भरमाण्णा, विरळ विणायला सांगितलं होतं ना आम्ही?"

पलीकडं माग खडाखडा चालला हुता, तो थांबला. "व्हय, सांगितलासा," भरमा म्हणाला. "पैली तशीच धरलो. थोडी इणलो आणि कापून टाकलो. हुईना बघा. तुम्ही दुसऱ्याकडनं करून घ्या. माझी एक फाटलीया, सगळ्या मुलखानं बघितली. अजून एक फाटणारी माझ्या हातनं हुयाची न्हाय."

मी फोन हिसकावून घेतला. "भरम्या, चार वर्षं कुठं मेलतास रं?"

तो मग बारीक आवाजात म्हणाला, "आक्का, कुठल्या तोंडानं येऊ? माझ्या मागावरची साडी हुती ती. ती इणली त्या वर्षी सूत हलकं आणलतो. दाटून इणलो असतो तर फाटली नसती, आणि तुला पळायला घावलं असतं. व्हिडिओत तेवढंच दिसतंय मला. कशी फाटली, तेवढंच."

मी कपाळावर हात मारला. चार वर्षं हा खुळा ते वझं घेऊन बसलाय!

"अरं गाढवा," मी ओरडले, "आठ वर्षं नेसून, धुऊन पार विरलेली साडी ती! आईनं दिलेली म्हणून नेसायची मी. नवी असती तरी त्यांनी मारलं नसतं व्हय? पाप त्यांचं, आणि तू सुताला कशाला दोष लावतोस? मी म्हणत हुते, तुला माझी लाज वाटली."

"तुझी?" भरमा म्हणाला. त्याला खरंच कळंना. "तुझी कशाला वाटंल?"

माझा जीव भांड्यात पडला, तो बी चार वर्षांनी. मिरच्यांच्या ढिगाजवळ मी बसकण मारली आणि सगळ्यांच्या देखत रडले, खुशाल.

रचनाबाई शेजारी येऊन बसल्या. "ताई, खरं तर फाटली होती," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं करते."

"खरं त्या व्हिडिओत हाय की," मी म्हटलं. "कोर्टात बी त्योच लावलाय. तुमच्या पिच्चरात माझी साडी फाटायची न्हाय. ओढू देत किती ओढायची ती."

त्या उठल्या, डोळं पुसलं आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "हाच शॉट परत घेऊ. या वेळी साडी फाटणार नाही. ती सुटून उठते आणि चालायला लागते." तेजस्वी पदर खोचून उभी ऱ्हायली.

फोन माझ्या हातातच हुता. भरमानं सगळं ऐकलेलं. "आक्का," तो म्हणाला, "त्यांना लई जोरात ओढू देऊ नगं. काठ लई दाट इणलोय, ओढला की कापतो, पोरीच्या हाताला लागंल."

"सांगते," मी म्हटलं, आणि त्या चौघांना जाऊन सांगितलं.