बाविसाव्या रांगेतला दिवा

धुकं इतकं दाट उतरलं होतं, की विमानाचं शेपूट कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. रिकाम्या विमानात ती बाविसाव्या रांगेपाशी मान वर करून उभी होती. खिडकीजवळच्या सीटवरचा वाचायचा दिवा आपोआप लागत होता, विझत होता. बटण दाबा, न दाबा, त्याची आपली लुकलुक चालूच.

सीट आईची होती. खिडकी हवी म्हणून तिनेच ती निवडली होती.

बाबा गेल्यापासून आई घरात नुसती वावरायची. ताट समोर आलं तर जेवायची. काही महिने तिला माझ्याकडे पाठव, समुद्राची हवा लागू दे, असं मावशी फोनवर सांगून थकली. आई दरवेळी हो म्हणायची आणि भरलेली बॅग पुन्हा उपसून ठेवायची. आज पहाटे टॅक्सीत बसताना मात्र म्हणाली, "आज विमान गेलं तर जाईन. नाही गेलं, तर पुन्हा बॅग भरायला सांगू नकोस."

आणि विमान उडण्याजोगं आहे, अशी सही करायचं काम लेकीचं होतं. आधी बाबांचंही तेच होतं.

बल्ब बदलून झाला होता. म्हणजे आत कुठेतरी तार सैल. छताचं पॅनेल उघडून ती तार शोधत बसलं, तर दुपार झाली असती, हे उड्डाण रद्द झालं असतं आणि आई घरी परतली असती. कोणी नावं ठेवली नसती. पोरगी काळजीने काम करते, असंच म्हणाले असते. संध्याकाळी दार उघडायला घरात कोणीतरी असतं.

ती आईच्या सीटवर टेकली. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. विमान कधीच निघालं आहे आणि आवाज न करता कुठेतरी तरंगतं आहे, असं वाटलं. बाजूच्या सीटवरून साबणाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास आला. तिने मान वळवली नाही. वळवली की वास जाईल.

दिवा दोनदा लुकलुकला. बाबा रात्रपाळीहून आले की बेल वाजवत नसत, पोर उठेल म्हणून. खालूनच टॉर्च दोनदा लावायचे. भिंतीवर उजेड यायचा आणि आई अनवाणी दाराकडे जायची. पोर जागीच असायची, हे दोघांनाही ठाऊक नाही, असं तिला वाटायचं. ती टॉर्च शोधायला तिने परवाच घर पालथं घातलं होतं.

"काय गं, दिव्याची समजूत घालतेस का?"

दारात तात्या होता, बाबांच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. वैमानिकाने विचारायला पाठवलं होतं. त्याची एका दिव्याबद्दल तक्रार नव्हती, शब्द मात्र तिचा हवा होता. निरोप सांगून तात्या जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पॅनेल उघडायचं असेल तर सांग. मी शिडी आणतो. विचारणार काही नाही."

"बाबांनी काय केलं असतं?"

"दिवा बंद करून शिट्टी वाजवत चहाला गेले असते." तात्याने सीटच्या आकड्याकडे पाहिलं. "पण त्यांच्या वेळी इथे त्यांची बायको बसणार नव्हती."

ती उठली. "लुकलुकत ठेवता येत नाही, तात्या. नीट लागला पाहिजे, नाहीतर पुरता बंद."

तिने त्या दिव्याची वीज तोडली, सुटलेलं टोक झाकलं, शेजारचे दिवे लागतात का ते पाहिलं. मग पट्टीवर 'बंद' असं लिहून ती दिव्याखाली चिकटवली आणि सही केली. सही रोजच्यासारखीच आली, याचंच तिला वाईट वाटलं.

प्रवासी बसले. विमान मागे ढकलून झालं. पुढच्या चाकातली खीळ काढली आहे हे वैमानिकाला दिसावं, म्हणून तिने लाल फीत लावलेली ती खीळ उंच धरली. वैमानिकाने हात केला, तरी तिचा हात खाली येईना. खिडक्या धुक्यात पुसट होत चालल्या होत्या.

मागच्या एका खिडकीत उजेड लागला. विझला. पुन्हा लागला.

तो दिवा तर तिने स्वतः बंद केला होता. मग तिच्या लक्षात आलं. घर पालथं घातलं होतं खरं, आईची पर्स तेवढी राहिली होती.

तिने कमरेची टॉर्च काढली आणि धुक्यात दोनदा लावली.