अकरा वर्षं उघडी कॅरव्हॅन

कौन्सिलची बाई टेप घेऊन आली तेव्हा मी सिंकपाशी डेसचे पायजमे हातानं धूत होते. मशीन होतं, पण दिवसातून तिसऱ्यांदा ते लावायचा कंटाळा आला होता. तिनं पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या मोजल्या, दार मोजलं, मग वहीत बघत मागे मागे सरकत गेली आणि तिची पाठ कॅरव्हॅनला टेकली.

"ही कुणाची?"

"डेसची. माझ्या नवऱ्याची."

"चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पला इथपर्यंत जागा लागेल, मिसेस स्टॅथर्स. ही हलवावी लागेल. सहा आठवड्यांनी माणसं येतील."

"ही हलत नाही," मी म्हटलं. "अकरा वर्षांत एक इंच हललेली नाही."

"मग हलेल असं काहीतरी करा," ती म्हणाली. रागानं नाही. दिवसातून दहा घरी जाऊन तेच सांगणाऱ्या माणसाचा आवाज होतो, तसा तिचा झाला होता.

आमच्या हल शहरात अर्ध्या गावानं कधी ना कधी कॅरव्हॅनच्या कारखान्यात काम केलेलं आहे. डेसनं सव्वीस वर्षं केलं. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतो तो सांधा बंद करायचं त्याचं काम. तो अठ्ठावन्न वर्षांचा असताना कारखाना बंद पडला. त्याच वसंतात तो एका शेतकऱ्याकडून ही चौसष्ट सालची कॅरव्हॅन घेऊन आला. आत कोंबड्या राहत होत्या. "पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंड, जॅनिस," तो म्हणाला. मी कोंबड्यांची घाण खरवडून काढली आणि नकाशा विकत आणला.

पुढच्या उन्हाळ्यात तिची पुढची भिंत काढलेली होती. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जमीन. दर वर्षी काहीतरी उघडं असायचंच. मी बसनं ब्रिडलिंग्टनला बहिणीकडे जायचे आणि आठवडाभर तिच्या सोफ्यावर झोपून परत यायचे. डेस रोज सकाळी नऊला चहाचा थर्मास घेऊन घराबाहेर पडायचा, बारा पावलं चालून कॅरव्हॅनमध्ये शिरायचा आणि पाचला घरी यायचा.

यंदा फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'गुरुवार'. का ते कुणाला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द आत अडकून राहतो. चहा हवा असला तरी गुरुवार, संडासला जायचं असलं तरी गुरुवार, उशी टोचली तरी गुरुवार. दोन महिन्यांत मला सूर ओळखता यायला लागले. पण दिवसभर ते ओळखत राहणं हे तीस वर्षांच्या लाँड्रीच्या कामापेक्षा थकवणारं निघालं.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती तीस वर्षं लॉरेन माझ्या शेजारच्या टेबलाला होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो. माझा तर त्या डबड्यावर पहिल्यापासून राग आहे."

भंगारवाला आला तेव्हा लॉरेनही आली होती. खाली वाकून बघितलं, चाकाला लाथ घातली. "चाकं जाम आहेत. पुढची भिंत नाही. अशीच उचलली तर मधोमध दुमडेल. शनिवारी येतो, इथेच मोडतो, तुकडे घेऊन जातो."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीवर धाडकन आवाज झाला. डेस आतल्या खुर्चीतून काचेवर डावा तळवा आपटत होता. "गुरुवार! गुरुवार! गुरुवार!"

भंगारवाल्यानं टोपी मागे सारली आणि ओरडून सांगितलं, "गुरुवारी नाही जमत हो, मालक! शनिवारीच येतो!"

मला हसू फुटलं. थांबेचना. लॉरेनही भिंतीला धरून हसत होती. मग मी आत गेले, दार लावून घेतलं आणि त्याच हसण्याचं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही. बाहेर येऊन भंगारवाल्याला सांगितलं, येऊ नका. लॉरेन माझ्याकडे बघत राहिली. दोन महिन्यांत डेसनं पहिल्यांदा काहीतरी एवढ्या जोरात मागितलं होतं.

"ठीक आहे," लॉरेन म्हणाली. "म्हणजे आता आपण दोघी सुतार."

सकाळी नऊला डेसला आंघोळ घालायला एक मदतनीस मुलगी यायची. ती गेली की साडेनऊ ते बारा आम्ही कामाला. मी सहासष्ट वर्षांची, लॉरेन चौसष्ट. तिचा एक गुडघा बदललेला, माझे दोन्ही बदलायला झालेले. डेसला चाकाच्या खुर्चीत, पायांवर ब्लँकेट घालून बाहेर आणून बसवायचो. तो डाव्या हातानं सांगायचा. बोट वर म्हणजे वर, मूठ म्हणजे थांबा, हात झटकला की सगळं चुकलं, परत काढा.

"हा कारखान्यात फोरमन होता का गं?" लॉरेन विचारायची.

"नाही. तिथे त्याला कुणी विचारत नसे. आता हौस फेडून घेतोय."

पत्र्याच्या आतलं लाकूड कुजून भिजलेल्या केकसारखं झालेलं होतं, बोट घातलं की हातात यायचं. ते काढायचं, त्या मापाचं नवं कापायचं, बसवायचं. मापं त्यानं आधीच लिहून ठेवलेली होती. शेडमध्ये सगळं रांगेत होतं. स्क्रूंच्या डब्यांवर त्याच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, कापून ठेवलेलं प्लायवूड उभं करून ठेवलेलं होतं. मला तेव्हाच थोडं चमत्कारिक वाटलं होतं. एवढी तयारी असताना माणूस अकरा वर्षं काय करत होता? पण विचार करायला डोक्यात जागा नव्हती. बाराला डेसला सूप भरवायचं, दोनला गोळ्या, मग चादरी, मग संध्याकाळ. रात्री अंथरुणावर पडले की माझेच हात मला परक्याचे वाटायचे.

चाकं सोडवायला चार दिवस गेले. तेल घालायचं, हातोडीनं ठोकायचं, शिव्या द्यायच्या. चौथ्या दिवशी लॉरेननं अशी एक शिवी दिली की डेस हसला. झटक्यानंतरचं पहिलं हसू. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसला.

चौथ्या आठवड्यात आम्ही मागचा डावा कोपरा उघडला. आतलं प्लायवूड काढलं. मागे कुजकं लाकूड असणार म्हणून मी पटाशी घेऊन तयारच होते. तिथे नवंकोरं लाकूड होतं. सांधे एवढे घट्ट की केस जाणार नाही. वर रंग, आणि रंगावर पेन्सिलनं तारीख. काम संपलं की तारीख घालायची, ही कारखान्यातली त्याची सवय. एप्रिल, सोळा साल. तिच्याखाली दुसरी तारीख, सप्टेंबर, एकोणीस साल.

लॉरेननं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ती दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली, तिथलं प्लायवूड काढलं. तिथेही दोन तारखा. पुढच्या चौकटीवर तीन, आणि सगळीकडे पहिली तारीख सोळा सालचीच. बाहेरच्या पत्र्यावर जुनी भोकं बुजवून शेजारी नवी पाडलेली, तीही बुजवलेली. ज्या बाजू त्यानं शेवटी उघड्या टाकल्या होत्या, तेवढ्यांतच पुन्हा ओल शिरली होती.

"जॅनिस," ती हळूच म्हणाली, "ही सोळा सालीच पूर्ण झाली होती गं."

मी बाहेर आले. डेस खुर्चीत होता. त्यानं माझ्या हातातली पटाशी बघितली आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

"झाली होती ही," मी म्हटलं. "परत का उघडलीस?"

"गुरुवार," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"नाही. आज मला गुरुवार चालणार नाही. मी अकरा वेळा बसनं ब्रिडलिंग्टनला गेले, डेस. बहिणीची मुलं मला 'सोफ्यावरची मावशी' म्हणतात. तुला जायचंच नव्हतं का कुठे?"

तो ब्लँकेटची कड सरळ करायला लागला.

"माझ्याबरोबर जायचं नव्हतं?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. पण त्याचं हो आणि नाही या दिवसांत उलटसुलट व्हायचं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, त्याच्या मानेवर विसंबू नका. आयुष्यात एकदा त्याच्याकडून सरळ उत्तर हवं होतं, आणि ते द्यायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

लॉरेन चहा टाकायला म्हणून आत निघून गेली.

मी पायरीवर बसले. पटाशी बाजूला ठेवून विचारलं, "कामावर जायचं होतं तुला? रोज सकाळी?"

यावर त्यानं मान हलवली नाही. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग डोळे पुसायला तोच हात वर नेला. ते मी 'हो' समजले. तसं समजणं मला सोपं जात होतं म्हणूनही असेल.

तीन दिवस मी बाहेर गेले नाही. त्याला भरवलं, धुतलं, कूस बदलली, पण बोलले नाही. न बोलता सगळं करायचं म्हटलं की काम दुप्पट जड होतं. त्यालाही काही म्हणता येईना. चौथ्या दिवशी लॉरेन आली, हातमोजे चढवले आणि दारातूनच म्हणाली, "रॅम्पवाले नऊ दिवसांत येतायत. रागाव ना, तुझा हक्कच आहे. पण रागावून पत्रा लाव."

मग रागावून लावला. रागानं स्क्रू चांगले घट्ट बसतात, एवढं मी सांगू शकते.

शेवटचा छताचा सांधा. ते त्याचं काम. मी शिडीवर, लॉरेन शिडी धरून. काळ्या चिकट पट्टीची गुंडाळी घेऊन मी इंच इंच दाबत गेले. खालून डेसनं हात झटकला. परत काढली. दुसऱ्यांदा पुन्हा झटकला. मान अवघडली होती, खांद्यात कळा येत होत्या. तिसऱ्यांदा पट्टी टोकापर्यंत गेली तेव्हा त्याचा हात उठायला लागलेला मला वरून दिसला.

"डेस," मी म्हटलं, "झालं. आता हे उघडायचं नाही."

त्याचा हात अधांतरी राहिला. मग हळूहळू ब्लँकेटवर आला.

एका मंगळवारी लॉरेनचा भाऊ कीथ व्हॅन घेऊन आला. त्यानं कॅरव्हॅन मागे जोडली, दिवे तपासले आणि ओढली. चाकं अशी किंचाळली की समोरची माणसं चहाचे मग घेऊन दारात आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डेस तिच्याकडे बघतच नव्हता. ती हलली तिथे काँक्रीटवर हिरव्या शेवाळ्यानं वेढलेला एक लांबट, कोरडा चौकोन उरला होता, त्याच्याकडे बघत होता. रॅम्पवाले सोमवारी आले आणि दोन दिवसांत तोही झाकला गेला.

कीथच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं समुद्रकाठच्या विथर्नसीच्या अलीकडे, शेताच्या कडेला जागा दिली. जूनमध्ये आम्ही डेसला तिथे नेलं. कीथनं आणि लॉरेननं त्याला उचलून आत ठेवलं. आत खुर्ची वळत नव्हती, संडास म्हणजे बादली. मी सॉसेज तळले, त्यानं खाल्ले. मग बाकावर बसल्या बसल्या डावा हात वर करून छताच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. एकदाच. माझी अपेक्षा होती की तो काहीतरी दाखवेल, चुकलेलं, राहिलेलं. त्यानं हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडे बोट दाखवायला लागला. दोन रात्रींसाठी आलो होतो, एका रात्रीत परतलो. मला वाईट वाटलं नाही. पाठ मोडली होती, वाईट वाटायला ताकद लागते.

त्यानंतर त्यानं कॅरव्हॅनबद्दल कुठल्याही सुरात काही म्हटलं नाही. आठवड्यातून दोनदा तो अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जातो. तिथे डाव्या हातानं लाकडी ठोकळे घासायला देतात. सकाळी नऊला गाडी येते. साडेआठपासून दारात तयार असतो.

सप्टेंबरात त्याला आठवडाभर एका शुश्रूषा-निवासात ठेवलं, घरच्या माणसाला विसावा म्हणून देतात तसा आठवडा. मी बहिणीला कळवलं की येत नाही. बसनं विथर्नसीला उतरले, चिप्सच्या दुकानातून एक तळलेली बटाट्याची पॅटी कागदात बांधून घेतली आणि शेताच्या कडेनं चालत गेले. दार उघडलं तर वॉर्निशचा वास. दुपारी पाऊस सुरू झाला, पत्र्यावर चांगला वाजणारा. मी बाकावर उभी राहून चारही कोपऱ्यांतून हात फिरवला. कोरडं होतं सगळं.

वाटलं होतं, एकटी असताना राग पुन्हा वर येईल. मी त्याची वाटही बघितली थोडा वेळ. अकरा उन्हाळे ही काही थोडी गोष्ट नाही, आणि ते मी त्याला माफ केलेत असंही नाही. पण पॅटी थंड होत होती. ती खाल्ली, बूट काढले, चारच्या सुमाराला आडवी झाले आणि उठले ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

फोनवर निवासाच्या नर्सचा निरोप होता. मी तिला परत फोन केला. ती म्हणाली, डेस नीट जेवला, झोपलाही. काळजीचं काही नाही. "तुम्ही लवकर येताय का न्यायला?"

"नाही," मी म्हटलं. "ठरल्याप्रमाणे, रविवारी."

फोन ठेवला, पडदा पुन्हा ओढून घेतला आणि कुशीवर वळले.