तिसऱ्या कार्बोरेटरचा आवाज

बाबा मला भोंगा म्हणतात. मी कुजबुजले तरी गल्लीच्या टोकाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. वर्गात उभं राहून बोलायला लागल्यापासून तर माझा आवाज आणखीच सुटलाय, आणि खरं सांगू, मला तो आवडतो. पण त्याच आवाजापायी घरातली एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. मी बोलले की बाबांना ऐकू यायचंच.

दाताच्या डॉक्टरांची जुनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये उभी होती. लांब नाकाची, आजोबांच्या वयाची. सहा सिलिंडर आणि त्यांना हवा-पेट्रोल पाजायला एका रांगेत तीन कार्बोरेटर. तिघांनी सारखीच हवा ओढायला हवी. एक जरी हावरट निघाला तरी अख्खं इंजिन थरथरतं.

हे मोजायला मीटर मिळतो. डॉक्टरांनी एक आणूनही दिला होता, तो खोक्यातच पडून होता. बाबांचा मीटर म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. आत शिरणाऱ्या हवेची सूं सूं ऐकायची, स्क्रू किंचित फिरवायचा, पुढच्याकडे सरकायचं. नळी खिळ्याला टांगलेली असते आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. तिच्या जोरावर लोक बाबांना उस्ताद म्हणतात.

या वेळी मात्र इंजिन काही केल्या सुरात येईना. बाबांनी पेट्रोलचे बारीक जेट साफ केले, गॅस्केट बदलली, पुन्हा साफ केले. मडगार्डवर ठेवलेला चहाचा कप थरथरत कडेपर्यंत चालत जायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उस्ताद, घाई नाही. पण शनिवारी न्यायला येतो. नाही जमलं तर मोठ्या वर्कशॉपला दाखवू म्हणतो." दुखणार नाही असं सांगतात ना, अगदी त्याच सुरात. बाबा हसले, पण रात्री ताटावरून तसेच उठले. ही गाडी तिकडे गेली की बाकीच्या जुन्या गाड्याही तिच्या मागोमाग जाणार, हे मलाही कळत होतं.

शनिवारी शाळा नव्हती. मी मडगार्डला टेकून बघत बसले. पहिल्या दोन कार्बोरेटरपाशी बाबा उजव्या हाताने स्क्रू फिरवायचे आणि डाव्या हाताने नळी डाव्या कानाला लावायचे. तिसऱ्यापाशी आले की हात बदलायचे.

"तिसऱ्याला उजवा कान का, बाबा?"

"मागे पत्रा आहे. उजवा हात शिरत नाही तिथे. डाव्याने स्क्रू, मग नळी उजव्याने. आणि जरा गप्प बस, भोंगा, ऐकू दे."

ते खोकत पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी नळी उचलली. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा चक्क घोरत होता.

"तिसरा जास्त ओढतोय."

"उलट आहे. कमीच ओढतोय, म्हणून तर उघडत आणलाय त्याला."

"तुम्ही डाव्या कानाने ऐका. स्क्रू मी धरते."

त्यांनी नळी डाव्या कानाला लावली. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला, पण मी शोध लावलेल्या आनंदात होते. "सापडलं," मी म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या कानात आहे." हेही अर्थात भोंग्याच्याच आवाजात.

आई ओल्या हातांनी दारात आली. जेवताना ती नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसते. "मला वाटायचं, रुसलेत माझ्यावर," ती म्हणाली आणि हात पुसत तिथेच उभी राहिली.

तरीही मी हटले नाही. "डावा आहे ना? मग तिन्ही डाव्याने ऐका, तिसऱ्याचा स्क्रू मी फिरवते. त्यात काय."

तसं केलं. तिसरा कमी केला, मग बाबांनी पहिल्या दोघांनाही जरा जरा फिरवलं. "बस. आता तिन्ही सारखे."

मी नळी लावली. दुसरा जेमतेम श्वास घेत होता. कप अजून सरकतच होता.

"सारखे ना?" बाबांनी विचारलं.

माझा आवाज कुठे गेला कोण जाणे. मी मान हलवली. नाही.

"कोणता?"

"दुसरा. कमी आहे."

त्यांनी नळी माझ्याकडून घेतली आणि डाव्या कानात दाबत राहिले, कानाची पाळी लाल होईपर्यंत. मग ती माझ्यापुढे धरली. "तू सांग. स्क्रू मी फिरवतो."

मी सांगत गेले. थोडं उघडा. अजून. थांबा. कप जागच्या जागी उभा राहिला. बाबांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "सूर लागला?" त्यांनी मला विचारलं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं दुखणं घरात बसून ओळखणाऱ्या माणसाने.

डॉक्टर आले, इंजिन ऐकून खूश झाले. "तुमच्या कानाला तोड नाही, उस्ताद. माझ्या मित्राची चार कार्बोरेटरवाली पाठवू का?"

"नको," बाबा म्हणाले. "जुनं काम आता बंद केलंय."

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी कसाबसा धीर धरून होते. "पण मी आहे ना, बाबा. मी ऐकेन, तुम्ही फिरवा."

"तुझे उसने कान लावून मी उस्ताद म्हणवून घेऊ?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी त्यांना कॅनमधलं पेट्रोल स्कूटरमध्ये भरायचं होतं. त्यांनी खिळ्यावरची नळी काढली, एक टोक कॅनमध्ये सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि थुंकले. एकदा पेट्रोलचा वास बसला की ती परत कानाला लागणार नव्हती.

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. "बाबा, ती नळी नको ना," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू बोलले असेन.

त्यांनी मान वळवली नाही. पेट्रोल टाकीत पडत राहिलं.