सोमवारचा खांदा

लाइल ऑस्टबीने खांदा दुखावल्याचं सांगितलं ते सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मार्लिस कुबाटने घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि मनात म्हणाली, पाणी कुठेतरी मुरतंय.

आता तुम्हीच सांगा, मिनेसोटात मे महिन्यातला मासेमारीचा हंगाम सुरू होण्याचा शनिवार-रविवार सरला आणि लगेच सोमवारी एखाद्याचा खांदा गेला, तर कुठल्या मालकाला शंका येणार नाही? बर्फ वितळलं की जो तो आपापल्या तळ्यावर पळतो, हिवाळ्यात काढून ठेवलेला, होडी बांधायचा लाकडी धक्का कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहून पुन्हा बसवतो, पाठी मोडून घेतो. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मार्लिस खिडक्या-दारांचा तो कारखाना एकटीने चालवत होती. असले सोमवार तिने पुष्कळ पाहिले होते.

"शुक्रवारी सकाळी झालं. काचेचं मोठं दार उचलताना," लाइल म्हणाला. उजवा हात पोटाशी धरलेला.

"मग शुक्रवारीच का नाही सांगितलंस?"

"वाटलं, थांबेल."

एवढं बोलून तो जमिनीकडे बघत राहिला. बावीस वर्षं काम केलेला माणूस, पण नजरेला नजर देईना. फोरमन ड्वेन स्लाविक दारातच उभा होता. लाइल गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मार्लिसबाई, मी काही बोलत नाही हं. पण त्याचा धक्का केवढा लांबलचक आहे, माहितीय ना?"

झालं! ठिणगी पडायला तेवढं पुरलं.

कामावरच्या दुखापतीची खबर मालकाने विमा कंपनीला द्यायचीच, असा कायदा. मार्लिसने ती दिली, पण खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: दुखापत कामावर झाली असं मला वाटत नाही. पुढच्याच आठवड्यात कंपनीने हात वर केले. खांद्यातला स्नायू फाटला होता, शस्त्रक्रिया केली नाही तर हात डोक्यावर जाणार नाही, असं डॉक्टर सांगत होते, आणि पैसे कोणी द्यायचे त्याचाच पत्ता नाही. लाइलने वकील धरला. न्यायाधीशापुढे तारीख लागली.

"काढून टाका त्याला," ड्वेन म्हणाला.

"वेडा की काय तू! भरपाई मागितली म्हणून काढला, तर उद्या तो मलाच कोर्टात खेचेल." एवढा कायदा तिला पाठ होता. "पुरावा पाहिजे मला. पुरावा."

आणि खरं सांगायचं तर तिला त्या माणसाचा राग आला होता, अगदी मनापासून. ज्याच्या लग्नात आपण केक कापून वाढला, तोच आपल्याला मूर्ख बनवतो म्हणजे काय! शनिवारी ती दोन तास गाडी हाकत स्वतःच त्याच्या तळ्याकाठच्या घरी गेली. लाइल नव्हता. धक्का होता, नवा कोरा रंग दिलेला. मार्लिसने मोबाइलवर चार फोटो काढले. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून बेव्ह नूरडाल नावाची म्हातारी हात पुसत आली.

"कोण गं तू? घर विकत घ्यायला आलीस का?"

"नाही, नाही. धक्का छान बसवलाय, तेच बघत होते. लाइलने एकट्याने बसवला?"

"लाइलने? डोंबल! माझ्या जावयाने बसवला. हा खुर्चीत बसून सूचना देत होता. उंटावरून शेळ्या हाकतोयस म्हणून हसलो आम्ही त्याला. शुक्रवारी दुपारी दोनला आला तोच हात छातीशी धरून. बूट मी काढून दिले त्याचे."

मार्लिसच्या मनात आलं, हिला पढवून ठेवलंय. तिने सरळ विचारलं, "मग त्याच दिवशी मालकाला का नाही सांगितलं त्याने?"

"तेच मी म्हटलं! तर म्हणतो, आज बोललो असतो तर सगळ्यांची अर्ध्या दिवसाची सुट्टी गेली असती. त्यांच्या मालकिणीचा नियमच आहे म्हणे तसा. कसली बाई आहे कोण जाणे."

मार्लिसने मोबाइल खिशात घातला. नियम तिचाच होता. सहा महिने कारखान्यात एकही दुखापत नोंदली गेली नाही, तर मासेमारीच्या आदल्या शुक्रवारी दुपारी बारालाच भरपगारी सुट्टी. एक जरी नोंदली गेली, तरी चौतीसच्या चौतीस जण साडेतीनपर्यंत कामावर. तिला त्याचा केवढा अभिमान! लोक सांभाळून काम करतात, असं ती चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटायची.

सोमवारी तिने ड्वेनला खोलीत बोलावून दार लावलं.

"त्या दाराचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

ड्वेनने टोपी काढली, पुन्हा घातली. "कुठल्या दाराचं?"

"ड्वेन!"

"मी," तो म्हणाला. "दहा वाजले होते. दोन तासांत सुट्टी. सगळे गाड्यांना होड्या जोडून तयार. मीच म्हटलं त्याला, सोमवारपर्यंत दम धर. नंतर वाटलं, तुम्हाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"म्हणून तू माझ्या कानात त्या धक्क्याचं घातलंस."

"तुम्हीही लगेच ऐकलंत की, बाई."

तिने ऐकलं होतं, तिला ऐकायचंच होतं. त्याच दिवशी तिने विमा कंपनीला पत्र लिहिलं: दुखापत कामावरच झाली, शुक्रवारी दहा वाजता, साक्षीदार अमुक, आणि ती लपवली गेली ती माझ्या नियमामुळे. ड्वेनकडून खाली सही घेतली. एक प्रत पाकिटात घालून ती संध्याकाळी लाइलच्या गावातल्या घरी गेली.

लाइलने जाळीचं दार अर्धंच उघडलं. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"माझं चुकलं, लाइल," ती म्हणाली. "वाच हे."

त्याने डाव्या हाताने कागद धरला. एकदा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मागची बाजू उलटून पाहिली. मग म्हणाला, "हे मला कशाला दाखवतेस? माझ्याकडून काय लिहून हवंय तुला?"

"काही नको. मूळ पत्र पाठवलंसुद्धा मी. शस्त्रक्रिया होईल तुझी."

"हं." त्याने कागदाची नीट घडी केली. "वकिलाला दाखवतो आधी. तुझ्याशी एकट्याने बोलू नको म्हणालाय तो."

आतून कॉफीचा वास येत होता. बावीस वर्षांत या दारातून कॉफी घेतल्याशिवाय ती कधी परत गेली नव्हती.

"बरोबर म्हणाला," मार्लिस म्हणाली. "दाखव त्याला."

लाइलने मान हलवली आणि आतून कडी लावून घेतली.