लाल रेघेचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळट झालोय. कडेला चरे आहेत आणि आतल्या बाजूला, निम्म्या उंचीवर, नेलपॉलिशची एक लाल रेघ आहे. त्या रेघेपायी एका घरात काय काय झालं ते मला सांगायचं आहे. सांगताना अजूनही माझा जीव चरफडतो.

मला थापा मारायची सवय आहे, हे आधीच कबूल करतो. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे मी साच्यातून बाहेर पडल्याबरोबर सगळी यंत्रं माझ्या सन्मानार्थ थांबली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तेवढ्यात वीज गेली होती. एकदा मी एका सबंध हत्तीला आंघोळ घातली, असंही मी सांगतो. तो हत्ती रबराचा होता आणि बादलीत तरंगत होता. पण आता पुढे जे सांगणार आहे त्यात एक थेंबही वाढवलेला नाही. थेंब वाढला की काय होतं, तीच तर माझी गोष्ट आहे.

मी ज्या बाटलीवर बसलो ती जंतुनाशकाची होती. तपकिरी, उग्र वासाची. पाण्यात ओतली की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. ज्या घरात आम्ही आलो तिथे तीन माणसं राहायची. आजोबा पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी औषधं मोजली, मिसळली आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांची सून पोस्टाच्या खिडकीवर कामाला होती. आणि नात होती दहा वर्षांची. पाण्यातून निघायचं नाव घ्यायची नाही म्हणून सगळे तिला बेडकी म्हणत. बेडकीचे बाबा बोटीवर नोकरीला. सहा महिन्यांनी घरी यायचे आणि दोन आठवडे नुसते झोपायचे.

एका उन्हाळ्यात बेडकी कुठल्याशा डबक्यात डुंबून आली आणि तिच्या पाठीवर फोड उठले. आजोबांनी त्याच दिवशी हुकूम काढला, की यापुढे घरात आंघोळीच्या पाण्यात औषध पडलंच पाहिजे. माझ्यात काठोकाठ औषध ओतून त्यांनी बादलीकडे पाहिलं, मान हलवली आणि सुनेकडून नेलपॉलिश मागून घेतलं. चष्मा लावून, जीभ ओठांत दाबून, त्यांनी माझ्या पोटात ही रेघ ओढली.

"रेघेपर्यंत. रेघेच्या वर गेलात तर माझ्याशी गाठ आहे."

"अहो बाबा, मी काय पिणार आहे का ते?" सून म्हणाली.

"तुझा नेम नाही," आजोबा म्हणाले.

पुढची दोन वर्षं माझी चैन होती. शेजारणी मला बघायला यायच्या. 'माप असावं तर असं,' म्हणायच्या. आजोबा जुन्या ओळखीतून औषधाचा मोठा कॅन आणायचे, त्याच बाटलीत भरायचे आणि मला पुसून वर बसवायचे. रोज सकाळी मी तीनदा उघडायचो, तीनदा रेघेपर्यंत भरायचो, तीनदा बादलीत रिकामा व्हायचो. मला वाटायचं, या घराची तब्येत माझ्याच खांद्यावर आहे. आता झाकणाला खांदा कुठला, पण वाटायचं.

मग एका सकाळी फोन वाजला, सुनेचा कोपर बाटलीला लागला आणि मी सुटलो. फरशीवरून घरंगळत थेट कपडे धुण्याच्या यंत्राखाली गेलो. एक हरवलेला मोजा आणि केसांची पिन आधीपासून तिथे राहायला होती. सुनेने वाकून पाहिलं, झाडू घालून पाहिला, तेवढ्यात तिची पोस्टाची वेळ झाली. यंत्राखालच्या फटीतून मला सगळं बाथरूम दिसत होतं. मी कुणालाच दिसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी कोण आलं असेल? फरशी पुसायच्या औषधाच्या बाटलीचं निळं झाकण. थोराड आणि पसरट. बाटलीच्या तोंडावर ते बसतही नव्हतं. थोरल्या भावाची टोपी धाकट्याला घालावी तसं नुसतं पालथं ठेवलेलं होतं.

"हे मोठं नाही का हो?" सुनेने विचारलं.

"म्हणून तर रेघ ओढायची. चाळीस वर्षं मापं केली मी. डोळे मिटून कळतं मला."

आणि त्यांनी खरोखर डोळे मिटल्यासारखंच केलं. बाथरूममध्ये वाफेने चष्मा धुरकटतो म्हणून त्यांनी तो खिशात टाकला होता. अंगठ्याचं नख झाकणात उभं धरलं, माझी रेघ जितक्या उंचीवर होती तितक्याच उंचीवर नवी रेघ ओढली, आणि फुंकर मारून वाळवली.

मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता. आता तुम्हीच सांगा. उंची तीच, पण झाकण माझ्या दुप्पट रुंद. मग औषध किती मावेल? दुप्पट म्हणाल तर फसाल. लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट, म्हणजे चौपट. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खोकल्याचं औषध एक थेंब जास्त दिलं नाही, त्याने घरच्या बादलीत चौपट औषध ओतायला सुरुवात केली. तेही रेघेला डोळा लावून, मोठ्या काळजीने. मी यंत्राखालून ओरडत होतो. माझ्या शेजारचा मोजा तेवढा कंटाळला.

सून सकाळी अर्धा तांब्या अंगावर घेऊन पोस्टात पळायची आणि आजोबांची कातडी जुन्या चपलेसारखी. त्या दोघांना काही झालं नाही. बेडकी मात्र पाण्यात बसून राहायची. तिसऱ्या आठवड्यात तिची मान लाल झाली, मग काखा, मग गुडघ्यांच्या मागची बाजू.

"आजोबा, जळजळतं."

"जळजळतं म्हणजे काम करतंय."

"खाज पण येते."

"जंतू मरताना वळवळणारच की गं. ते काय हसत हसत जाणार आहेत?"

ती हसली. आजोबांच्या बोलण्याला ती नेहमी हसायची, म्हणून मला आणखी राग यायचा. मग त्यांनी बादलीत दुसरं झाकण ओतलं. फोड उठण्याआधीच जंतूंचा बंदोबस्त करायला हवा, असं त्यांचं म्हणणं. चाराचे आठ झाले.

"कॅन लवकर तळाला गेला या वेळी," सून एकदा म्हणाली.

"हल्ली कॅनच कमी भरून देतात."

"आणि हिला डॉक्टरांना दाखवूया का? पाठ बघा जरा तिची."

"मी घरात असताना?" आजोबांनी एवढंच विचारलं. पण अशा आवाजात विचारलं, की सून बादली उचलून कपडे वाळत घालायला गेली. त्या क्षणी मला हात असते तर मी कुणाचे तरी कान ओढले असते. कुणाचे, ते अजून ठरलेलं नाही.

अशातच एका संध्याकाळी बेडकी पोहायच्या तलावावरून लवकर परत आली. बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली, तिचा पोहायचा पोशाख कोरडा ठणठणीत. वीस दिवसांनी शाळांच्या पोहण्याच्या शर्यती होत्या. तिचं नाव यादीत होतं आणि वर्षभर ती त्यासाठी घाम गाळत होती. अर्थात पाण्यात घाम दिसत नाही, पण गाळत होती. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिची पाठ पाहिली आणि तिला काठावरच थांबवलं.

"बाई म्हणाल्या, डाग गेल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. दुसऱ्यांना लागेल म्हणाल्या. सगळे माझ्यापासून लांब उभे राहिले."

"उद्यापासून तीन झाकणं," आजोबा म्हणाले.

बेडकी या वेळी हसली नाही. "मला आंघोळच नको," म्हणाली. ज्या मुलीला पाण्यातून ओढून काढावं लागायचं, ती दुसऱ्या दिवशी बादलीकडे पाठ करून उभी राहिली.

आता मी काय केलं ते ऐका. सकाळी यंत्र सुरू झालं, सगळी फरशी थरथरू लागली. मी त्या थरथरीवर स्वार झालो, तसूतसूने सरकलो आणि यंत्राचा एक पाय उचलला गेला तेव्हा झेप घेऊन त्याच्याखाली शिरलो. यंत्र एका बाजूला कलंडलं आणि अंगात आल्यासारखं नाचू लागलं. नाचत नाचत दारापर्यंत आलं. ही झेप मी ठरवून घेतली, असं मी सगळ्यांना सांगतो. नसेलही घेतली. आपोआप सरकलो असेन. पण एवढं श्रेय तरी मला घेऊ द्या.

यंत्र दुरुस्त करणारा बुटका कारागीर आला. त्याने यंत्र भिंतीला टेकवून तिरपं केलं आणि आत हात घातला.

"यंत्र ठणठणीत आहे, ताई. हा घ्या तुमचा मोजा. ही पिन. आणि हा नाचवणारा."

सुनेने मला चिमटीत धरलं. "शी, केवढा मळलाय." आणि ती मला घेऊन थेट कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. जगात न्याय आहे का, सांगा. यंत्राचा पाय अंगावर घेतला मी, कडेला चरे पडले माझ्या, आणि बक्षीस काय, तर कचऱ्याचा डबा.

"आई, थांब," बेडकी म्हणाली. "याला रेघ आहे."

तिने मला नळाखाली धुतलं. मग निळ्या झाकणात ठेवून पाहिलं. मी त्यात असा बुडालो, जसं बापाच्या सदऱ्यात तान्हं मूल. वर सगळीकडे मोकळी जागा.

"आजोबा, हे बघा. रेघा सारख्याच आहेत, पण हा आत मावतो."

आजोबांनी आधी खिशातून चष्मा काढला. टॉवेलच्या टोकाने नीट पुसला. मग मला नळाखाली धरून रेघेपर्यंत पाणी भरलं आणि निळ्या झाकणात ओतलं. पाणी त्याच्या रेघेच्या जवळपासही आलं नाही. पुन्हा भरलं, ओतलं. तिसऱ्यांदा भरलं, ओतलं. चौथ्यांदा पाणी बरोबर रेघेवर आलं.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याला काही कळलं नव्हतं, पण तो आपली हत्यारं आवाज न करता गोळा करू लागला.

आजोबा पालथ्या बादलीवर बसले. "आणि मी दोन ओततोय," ते म्हणाले. बोटांवर मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी आठ बोटं मोजली. "रोज भाजत होतो मी तुला, बेडके."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना."

"तू सांगत होतीस की."

त्याच दिवशी ते तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. परत आल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं, आणि एकदाही 'मी घरात असताना' असं म्हणाले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी म्हणे विचारलं, की रोज कशाला घालता हे? साबण, स्वच्छ पाणी आणि अंग नीट पुसणं, एवढं रोजच्याला पुरतं. हे औषध खरचटलं, कापलं तर वापरायचं, तेही बाटलीवर लिहिलंय तितकं पातळ करून. आणि मुलीच्या अंगावरचे डाग दुसऱ्या कुणाला लागणारे नाहीत, तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. चाळीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाने त्या रात्री पहिल्यांदा आपल्या घरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

दोन आठवड्यांत डाग गेले. शर्यतीत बेडकी पहिली आली. बरं, चौथी आली. पण पाण्यातून निघता निघेना, हे अगदी खरं आहे.

आणि माझं काय झालं? मला बाटलीवर घट्ट बसवून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी उघडलोच नाही. खरं बाहेर यावं म्हणून मी यंत्राखाली चिरडलो, आणि खरं बाहेर आलं ते असं, की रोज माझी गरजच नव्हती. दोन वर्षं खांद्यावर घर उचलल्याची माझी ऐट त्या दिवशी संपली. याची चरफड अजून गेलेली नाही.

म्हणून मित्रांनो, मला उगाच उघडू नका. उघडलंत तर बाटलीवरचं आधी वाचा आणि माप बदललं असेल तर पुन्हा मोजा. मोजणारा कितीही मोठा असो. आणि घरात कुणी 'जळजळतं' म्हणालं, तर त्याला जंतूंच्या गमती सांगू नका. मी यंत्राखालून ओरडत होतो, ते कुणाला ऐकू आलं नाही. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही, झाकणाला तोंड नसतं. पण बेडकीला होतं. ती रोज सांगत होती.